निरोगीतला ‘नि’

भाईंदरला गोडदेव गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक इंडस्ट्रियल इस्टेट होती. सगळे गाळे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणारे. दिवसभर अशी किरकिर, की माणसाचे दात आंबावेत. आणि त्यातल्याच कोपऱ्यातल्या गाळ्यात एक मनुष्य अळ्या पाळत होता. हो, अळ्या! लोक कोंबड्या पाळतात, कुत्री पाळतात. डॉक्टर आत्माराम केळुसकरांनी एक्क्याण्णव साली हरभऱ्यावरची घाटेअळी पाळली होती, तीही हजारांनी, बेसनाचा लगदा खाऊ घालून. शेजारचा शेठ दारात उभा राहून विचारायचा, “मॅडम, आप लोग पालते हो के मारते हो?”

“दोनों,” उर्मिला हसून सांगायची.

खोटं नव्हतं ते. अळ्या वाढवायच्या, त्यांना विषाणूची लागण करायची, मेल्या की वाटून, गाळून त्यांचा अर्क बाटलीत भरायचा. शेतकऱ्यानं तो हरभऱ्यावर फवारला की शेतातल्या अळ्यांना तोच रोग. हेक्टरी अडीचशे मेलेल्या अळ्या, असा हिशोब. माणसाला, गुराढोरांना, मधमाशीला काही म्हणजे काही होत नाही, असं केळुसकर सर पुन्हा पुन्हा सांगायचे.

उर्मिला तिथं टेक्निशियन. बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर गिरगावातून भाईंदरला आलेली. नवऱ्याची, उत्तमची, कंपनी वर्षभर बंद होती. घरात वर्षाची इशिता. म्हणजे घर चालत होतं ते या अळ्यांवर, हे तिला रोज सकाळी पायात चपला सरकवताना आठवायचं.

गाळ्यात तीन खोल्या होत्या. डावीकडची निरोगी, उजवीकडची रोगी, आणि दोन्हींच्या मध्ये एक काचेची खिडकी असलेली मधली खोली. तिथं उर्मिला ट्रे तयार करायची. प्लास्टिकचा ट्रे, त्यात पन्नास खण, दर खणात एकच अळी. दोन ठेवल्या तर मोठी धाकटीला खाते, अशी यांची जात! कायदा एकच: उजवीकडे गेलेली वस्तू डावीकडे येता कामा नये. रोगाचा एक थेंब डावीकडे गेला की संपलं सगळं, कारण उद्याची अंडी आणि परवाचे पतंग सगळे त्याच खोलीत.

हे ट्रे खिडकीतून घेऊन डावी-उजवीकडे नेऊन ठेवायचं काम शेवंतीमावशीचं. गोडदेव गावातली, पन्नाशीची, काटक बाई. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. म्हणून रोगी ट्रेला उर्मिला लाल दोरा बांधायची. लाल दिसला की उजवीकडे. तीन वर्षं एक चूक नाही.

आता इथं उर्मिलेला एक सुचलं, आणि सुचलं ते चांगलंच होतं. ती दुपारच्या डब्याच्या वेळेला मावशीला अक्षरं शिकवायला लागली. मावशी आधी लाजली. “आता काय गो बाई, म्हातारपनी बाराखडी?” पण मग अशी हावरी झाली, की जेवण अर्धं सोडून पाटी पुढे ओढायची. दसऱ्याच्या सुमारास तिनं हजेरीच्या वहीत अंगठ्याच्या जागी सही केली. ‘शेवंती’ लिहायला दोन मिनिटं लागली, वरचा अनुस्वार तर तिनं पेन दोन्ही हातांनी धरून दिला. मागे रांगेत बायका ताटकळल्या होत्या, पण कुणी कुरकुर केली नाही. घरी जाताना दुकानाच्या पाट्या ती मोठ्यानं वाचत जायची. लोक वळून बघायचे, तर बघोत!

त्याच आठवड्यात उर्मिलेनं लाल दोऱ्याचं रीळ कपाटात टाकून दिलं. “आता कशाला दोरा? आमच्या मावशी वाचतात.” पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करनं लिहायचं, बस. डावीकडच्यांना ‘निरोगी’, उजवीकडच्यांना ‘रोगी’.

नोव्हेंबरात मराठवाड्यातून मोठी मागणी आली. हरभरा फुलावर, अळी पडलेली. एरवी रोगी ट्रेचं काम संध्याकाळी, सगळे निरोगी ट्रे आत गेल्यावर व्हायचं. त्या शनिवारी सरांनी सांगितलं, दोन्ही कामं एकदमच उरका. उर्मिलेनं सकाळपासून साठ पट्ट्यांवर ‘निरोगी’ लिहिलं होतं. हात आपोआप चालत होता. मग बारा ट्रेंच्या लगद्यावर काचेच्या कांडीनं विषाणूचं पाणी फासलं, आणि त्यांना पट्ट्या चिकटवल्या.

खिडकीपलीकडे मावशी थबकली. “बाई, ह्यो ट्रे वरून वला दिसतंय.”

उर्मिलेनं मान वर केली नाही. “काय लिहिलंय त्याच्यावर?”

मावशीनं बोट ठेवलं. “नि… रो… गी.”

“मग? लिहिलंय ते खरं, मावशी. आता बघून नाही, वाचून कामं करायची.”

“व्हय बाई,” असं म्हणून मावशी ट्रे घेऊन डावीकडे गेली. आपलं बोलणं उर्मिलेच्या पुढच्या क्षणी ध्यानातही नव्हतं.

या रोगाची खोडच अशी, की पहिले तीन-चार दिवस काही दिसत नाही. अळी खाते, पिते, बाळसं धरते. बघणाऱ्यानं म्हणावं, काय छान चाललंय हिचं!

पुढच्या शुक्रवारी सकाळी उर्मिला सगळ्यांच्या आधी आली. निरोगी खोलीचं दार उघडलं आणि तिला वास आला. उजवीकडच्या खोलीचा वास, डावीकडे. चौथ्या फळीवरच्या ट्रेमधल्या अळ्या खणाच्या वरच्या कडेला चढून, मागच्या पायांवर उलट्या लोंबत होत्या. पिवळट, सैल. बऱ्याच फुटून खाली ओघळल्या होत्या. ज्या ब्रशनं हा ट्रे झाडला त्याच ब्रशनं आठवडाभर बाकीचे झाडलेले, म्हणजे पुढे काय होणार ते तिला उभ्याउभ्या कळलं. मग तिनं पट्टी पाहिली. ‘निरोगी’. बारांतल्या याच एकावर हात चुकला होता. अक्षर तिचं. वेलांटी जरा लांब ओढलेला तो ‘नि’ दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता.

बाहेर सरांच्या स्कूटरचा आवाज आला.

उर्मिला काही वाईट बाई नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, काय अवदसा आठवली हिला! तिच्या डोळ्यांसमोर उत्तम आला, चार वाजता खिडकीत बसून रस्ता बघणारा. इशिता आली. आणि तिच्या नखानं, तिला न विचारता, पट्टीचा डावीकडचा तुकडा फाडला. फक्त ‘नि’. उरलं ते ‘रोगी’. तुकडा तिनं एप्रनच्या खिशात टाकला आणि मग ओरडली, “सर! इकडे या, सर!”

सर पट्टी वाचून पांढरे पडले. “रोगी लिहिलेला ट्रे इकडे कुणी आणला?”

मावशीला बोलावलं. ती पट्टीजवळ वाकली, बोट ठेवलं. रो. गी. पुन्हा ठेवलं. त्याच्या डावीकडे, जिथं काहीच नव्हतं तिथं, बोट थोडा वेळ राहिलं.

“मी नि वाचला व्हता, साहेब,” ती म्हणाली. “बाईंना इचारा. मी मोट्यानं वाचला व्हता.”

सगळ्यांनी उर्मिलेकडे पाहिलं. एक ‘हो’ पुरेसा होता. तेवढाच.

“मावशी,” उर्मिला म्हणाली, आणि आवाज इतका मायेचा निघाला की तिची तिलाच भीती वाटली, “तुमचं वाचन अजून कच्चं आहे हो.”

मावशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उर्मिलेकडे बघत राहिली, विश्वासानं, आणि तो विश्वासच घातक निघाला. बाई म्हणतात म्हणजे आपलंच चुकलं असणार. बाईंनीच तर शिकवलं. सरांनी त्याच दिवशी तिला कामावरून काढलं. जाताना तिनं पाटी आणि पेन्सिल खिडकीवर ठेवली. “घ्या बाई. मना न्हाय जमायचं ह्ये. उगा तुमाला तरास.”

दोन आठवड्यांत डावीकडची खोली रिकामी झाली. मागणी हुकली. सरांनी दुसरीकडून अंडी आणून पुन्हा सुरुवात केली, आणि उर्मिलेची नोकरी राहिली.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तिनं एप्रन धुतला होता, तरी खिशाच्या शिवणीत तुकडा तसाच. फेकायला म्हणून काढला तर बोटाला चिकटला. बोटावरून निघाला तर अंगठ्याला. शेवटी तिनं तो कंपनीच्या एका जुन्या कार्डाच्या पाठीवर दाबून बसवला आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. उद्या टाकू. त्या उद्याला सहा वर्षं लागली.

उर्मिला सुपरवायझर झाली. उत्तमला काम लागलं, भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीत घर झालं, तिसरा मजला, लिफ्ट. अंगानंही भरली. बायका म्हणायच्या, “मानवलंय हो भाईंदर तुम्हाला!” नव्या मुली कामाला लागल्या की त्यांना शिकवायचं काम तिचंच, आणि दर वेळी तेच सांगावं लागायचं. सूक्ष्मदर्शकातून दाखवत ती म्हणायची, “हे चकचकीत दाणे दिसतात ना, प्रत्येकात विषाणूच्या काड्या बंद असतात. अळी पानाबरोबर दाणा गिळते. तिच्या आतड्यातला रस सोड्यासारखा खारट, त्यात दाणा विरघळतो आणि काड्या मोकळ्या होतात. त्या आतड्याच्या पेशीत शिरतात, सरळ केंद्रकात जाऊन बसतात. केंद्रक म्हणजे पेशीचा मालक. तिथून पेशीला हुकूम सुटतात, की तुझी कामं सोड, आमच्या नकला काढ. पहिल्या नकला बाहेर पडून शेजारच्या पेशींना गाठतात. असं करत सगळं अंग. मागाहूनच्या नकला आतच राहतात, स्वतःभोवती नवे दाणे बांधून घेतात. केंद्रक फुगत फुगत जातं, पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही.”

“आणि अळीला कळत नाही?” कुणीतरी विचारायचीच.

“ती जेवत असते,” उर्मिला सांगायची, आणि त्या दिवशी तिचा डबा तसाच परत जायचा.

डबा उघडला की तिला कुरतडण्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. हजार तोंडं, बेसन खाणारी. रविवारी, भर दुपारी, घरात. उत्तमला विचारलं तर तो म्हणायचा, “पंखा असेल.” पंखा बंद असायचा. गॅलरीत वाळत घातलेले, उलटे लोंबणारे इशिताचे मोजे वाऱ्यानं हलले, की ती दचकून ते काढून घ्यायची, ओलेच. आणि अक्षरं! दुकानाच्या, सोसायटीच्या, बसच्या पाटीवर पहिलं अक्षर उडालेलं असलं की तिचे पाय तिथंच अडकायचे. हे माझंच काम, असं वाटायचं. खरंच वाटायचं हो, मुंगसागत वळून मागे बघायची ती.

एकदा इशिता गृहपाठ घेऊन बसली, विरुद्धार्थी शब्द. “आई, रोगीच्या उलट?”

उर्मिला कणीक मळत होती. “निरोगी.”

“म्हणजे नुसता नि लावायचा? आणि दोषीच्या उलट?”

“निर्दोष.”

“तो नि काढून टाकला तर?”

“गप लिही!” उर्मिला किंचाळली. पोरगी घाबरून रडायला लागली, आणि उर्मिलेनं कणकेच्या हातांनीच तिला पोटाशी धरलं. दोघींच्या अंगाला कणीक. उत्तम येऊन बघत राहिला, त्याला काय समजणार कप्पाळ!

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत लोकसभेचं मतदान होतं. शाळेत बायकांची वेगळी रांग. उर्मिलेच्या पुढे दोन बायका सोडून एक वाकलेली पाठ होती, आणि त्या पाठीवरून तिनं ओळखलं. सहा वर्षांत एकाच भाईंदरात राहून ती मावशीच्या गल्लीनं कधी गेली नव्हती. वळसा घालून बाजारात जायची. आता पळावंसं वाटलं, पण मागून रांग रेटत होती.

टेबलावरच्या माणसानं नाव पुकारलं. “शेवंती कोंडिराम. सही की अंगठा?”

“अंगठा.”

उर्मिलेच्या तोंडून निसटलंच. “मावशी, सही येते ना तुम्हाला!”

शेवंतीमावशी वळली. ओळखायला वेळ लागला नाही तिला. हसली, तेच जुनं हसू, त्यात ना राग ना काही. “न्हाय गो बाई. मना वाटलं व्हतं, येते. तुमीच सांगितलं न्हवं, कच्चं हाय म्हून?” आणि माणसाला म्हणाली, “लाव रं बाबा, धर अंगठा.”

अंगठा शाईच्या गादीवर दाबला गेला, मग कागदावर. उर्मिलेनं आपलं मत कुठल्या चिन्हावर मारलं, ते तिला आजही सांगता येणार नाही.

ती घरी गेली नाही. गोडदेव गावात गेली. गाव कसलं, चहूबाजूंनी इमारती, मधे कौलांची पाच-सहा घरं अंग चोरून बसलेली. मावशी ओट्यावर बसून सुकट निवडत होती. “बाई? या, बसा. च्या टाकू?”

“नको.” उर्मिला बसली नाही. पर्स उघडली, आतला कप्पा उघडला, कार्ड काढलं. ते मावशीच्या हातात दिलं. “मावशी, हे वाचा.”

“आता कशाला थट्टा करताय? येत न्हाय म्हनलं ना.”

“एकच अक्षर आहे. माझ्यासाठी वाचा.”

मावशीनं सुकटीचे हात पदराला पुसले. कार्ड लांब धरलं, मग जवळ. पिवळी पडलेली पट्टी, उजवीकडची कड फाटलेली. तिनं शाईचा अंगठा वर ठेवला, काढला, मग तर्जनी ठेवली. ओठ हलले.

“नि,” ती म्हणाली.

आणि मग उर्मिलेनं सगळं सांगितलं. शनिवार, ओला ट्रे, नख, खिसा. मधे थांबली नाही, रडलीही नाही, रडायचा हक्क आपल्याला नाही हे तिला कळत होतं. मावशी ऐकत होती, पण बघत होती ती त्या फाटक्या कडेकडे.

“म्हंजे मी बराबर वाचलं व्हतं,” मावशी म्हणाली.

“हो.”

“समदं बराबर. नि बी.”

“हो, मावशी.”

मावशीनं मान हलवली. तिचा चेहरा बघवत नव्हता. आनंद आणि राग एकाच जागी येऊन बसले होते आणि एकमेकांना जागा देत नव्हते. “माजी नात पुस्तक घेऊन येते गो. आजी, ह्ये काय लिवलंय, आजी, त्ये काय लिवलंय. दर येळी मी तिला सांगते, मना न्हाय येत, मना कुनी शिकवलं न्हाय. येत व्हतं, तरी!” तिचा आवाज फाटला. “काम गेलं त्याचं काय न्हाय. सुकट इकून जगले. पन ह्ये?”

उर्मिलेनं वाकून तिच्या पायांना हात लावला. मावशीनं पाय मागे घेतले.

“मी उद्याच केळुसकर सरांना सांगते. सगळ्यांसमोर सांगते. माझी नोकरी जाऊ दे.”

“तुमचं तुमी बघा,” मावशी म्हणाली. उर्मिलेनं कार्ड परत घ्यायला हात पुढे केला, तशी तिनं मूठ मिटली. “ह्यो नि माजा हाय. लई दिवस ठेवलात.”

ती घरात गेली आणि सकाळच्या भाताची दोन शितं घेऊन आली. कार्डाच्या मागे चुरडून लावली आणि कार्ड दाराच्या चौकटीवर, तोरणाच्या खाली, तळव्यानं दाबून धरलं, चांगलं बसेपर्यंत. मग आत हाक मारली, “हंसा! ए हंसे, भाईर ये. तुज्या आजीला इचार, काय लिवलंय.”

सात-आठ वर्षांची मुलगी बाहेर आली. तिनं आजीकडे बघितलं, पाहुण्या बाईकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. “काय लिवलंय, आजी?”

“नि.”

“नि? म्हंजे काय?”

शेवंतीमावशीनं त्या दुपारी पहिल्यांदाच उर्मिलेकडे सरळ पाहिलं.

“त्ये ह्या बाईंना इचार,” ती म्हणाली. “त्यांनी लिवलंय.”